मस्कतवाल्याचा लाल दिवा

हसनभाई, मंगळवारी सकाळी साडेदहाला तुमच्या लेकीचा, शाहीनचा फोन आला. तुम्ही दुकानात खुर्चीवर बसला होतात. हातात वायर होती. डॉक्टर आले आणि गेले. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर तुम्हाला कब्रस्तानात नेलं.

त्याच संध्याकाळी मी गिटार तिच्या खोक्यात ठेवली आणि लांज्याजवळच्या त्या गावी निरोप पाठवला, की यंदा देवीच्या जत्रेत मी वाजवणार नाही. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. देवस्थानच्या अध्यक्षांनी लगेच फोन केला. म्हणाले, "बाई, तुमची वेळ आम्ही कोणाला देत नाही. जत्रेच्या आदल्या सोमवारपर्यंत सांगा." मी म्हटलं, सोमवारीही हेच सांगेन. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दोन दिवसांनी शाळेतली एक जुनी सहकारी भेटायला आली. तिने विचारलं, "तू मराठीची शिक्षिका, ते लाऊडस्पीकर भाड्याने देणारे. बावीस वर्षं तुमचं भांडण होतं तरी कशावरून?" मी सांगितलं, माझ्या गिटारची वायर कुठे लावायची यावरून. ती हसली. मी हसले नाही. खरंच तेवढ्यावरूनच होतं. आणि ते अजून संपलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझ्या भावाने मस्कतहून येताना मला अॅम्प्लिफायर आणला होता. काळा, चौकोनी, वर कातडी मूठ आणि पुढे एक लाल दिवा. हवाईयन गिटार मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि पाठीमागे तो खोका ठेवायचा. आवाज पाठीत शिरून छातीतून बाहेर पडतोय असं वाटायचं. मला तो आवाज माझा वाटायचा. तुम्ही पहिल्यांदा त्याला पाहिलंत आणि विचारलंत, "हा कुठला पाहुणा?" मी सांगितलं, मस्कतचा. तेव्हापासून तो तुमच्या तोंडी मस्कतवाला झाला.

त्या गावातली माझी पहिली जत्रा. तुमचे दोन स्पीकर-बॉक्स देवळाच्या दोन्ही बाजूंना, माईक तबल्यापुढे आणि निवेदकापुढे. माझ्यासाठी तुम्ही वायर घेऊन आलात. मी म्हटलं, मला नको, माझा आहे. दीड तास वाजवलं. पुढे बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मी खुशीत होते. परतताना टेम्पोत, पालीचा बाजार मागे पडल्यावर, तुम्ही म्हणालात, "बाई, एक सांगू? राग धरू नका."

"सांगा."

"मागे दगडांच्या गडग्याला टेकून काजूच्या कारखान्यातल्या बायका उभ्या होत्या. सुट्टी झाल्यावर तशाच आलेल्या, हात काळे. दीड तास उभ्या होत्या. त्यांनी फक्त तबला ऐकला."

"गिटार?"

"गिटार नाय पोचली. पाचव्या ओळीपर्यंत आली आणि बसली."

मी राग धरला. काजूच्या चिकाने काळे झालेले हात घेऊन दीड तास नुसता तबला ऐकणाऱ्या त्या बायका मला आठवडाभर दिसत राहिल्या, पण राग मात्र मी तुमच्यावर धरला.

पुढच्या वर्षी मी मुकाट्याने वायर तुमच्या हातात दिली. गिटार थेट तुमच्या मिक्सरमध्ये. मी पहिला सूर छेडला आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी जे काही बाहेर पडलं ते पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं होतं. कांडीची खरखर, बोटांतल्या नख्यांची टकटक, सगळं मोठं होऊन आलं आणि सूर मात्र वाळलेल्या काडीसारखा. पाठीमागे काही नाही, नुसता वारा. एवढी माणसं समोर आणि मी घराबाहेर राहिल्यासारखी. दुसऱ्याच गाण्याला मी वायर उपसली, भर कार्यक्रमात, आणि कडेला ठेवलेल्या मस्कतवाल्याला लावली. तुमच्या बॉक्समधून धडाम असा आवाज झाला. पुढच्या ओळीतलं एक पोर रडायला लागलं.

"माझं चुकलं," नंतर तुम्ही म्हणालात. मला वाटलं, संपलं भांडण. तुम्ही पुढे म्हणालात, "आवाज नीट करून द्यायला पायजे होता. वायर बरोबर होती, मी कच्चा होतो."

मग आपलं ते वर्ष आलं, हसनभाई. त्याबद्दल मी आजवर नीट कबुली दिलेली नाही.

तिसऱ्या वर्षी मी आधीच बजावलं होतं, की मस्कतवाल्याशिवाय बसणार नाही. तुम्ही "होय बाई, होय बाई" करत त्याला स्वतः उचलून रंगमंचावर ठेवलंत. लाल दिवा लावलात. माझी वायर नेऊन जोडलीत. काही लहानसा डबा मधे दिसला, मी विचारलं, हे काय? "लाईट कमी-जास्त होते गावात. मस्कतवाला जळू नये म्हणून." मला बरं वाटलं, किती काळजी घेतात.

आणि त्या दिवशी काय वाजलं. पहिल्याच मींडेला माझ्या अंगावर काटा आला. सूर खालून उचलला की तो वर जाईपर्यंत तुटत नव्हता, कुठे दबत नव्हता, कुठे फुगत नव्हता. कांडी हलली की त्या हलण्यातलं सगळं ऐकू येत होतं, आणि खरखर कुठेच नाही. पाठीतून तोच भरलेला आवाज येत होता, पण त्याहून मोकळा. मी न ठरवलेल्या जागा घेत सुटले. तबल्यावरच्या अण्णांनी माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. ठरलेल्या आठ गाण्यांची मी अकरा वाजवली. कार्यक्रम संपल्यावर मी मस्कतवाल्याच्या डोक्यावर हात ठेवून चार लोकांत म्हटलं, "पाहिलंत, मनात आणलं तर कसा बोलतो तो."

तुम्ही वायरी गुंडाळत होतात. मान वर केली नाहीत.

तेवढ्यात मागच्या बायकांपैकी एक आली. हात पदराखाली लपवलेले. म्हणाली, "बाई, आज अगदी कानाशी बसून वाजवलंव." एवढंच बोलून ती गेली. माझे डोळे भरून आले. आणि टेम्पोत बसल्यावर तुम्ही गाडी सुरूच केली नाहीत. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून म्हणालात, "बाई, लाल दिवा लागला होता, तेवढाच. बाकी मस्कतवाला झोपला होता."

मला समजायला वेळ लागला. वायर त्या लहान डब्यातून तुमच्या मिक्सरला गेली होती. मस्कतवाल्याचा आवाज शून्यावर. त्याच्या मागे काळ्या कापडाखाली तुम्ही तुमचाच एक छोटा बॉक्स लपवला होता, माझ्या पाठीला लागेल असा.

"तुमचे कान नाय ऐकत बाई, तुमची पाठ ऐकते," तुम्ही म्हणालात. "गेल्या साली मी पाठच विसरलो होतो."

मी उतरले आणि एसटीने घरी गेले. चार महिने तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही फसवलं म्हणून. आज खरं कारण लिहिते. तुम्ही फसवलं याचा राग महिनाभरात गेला होता. मी इतकी वर्षं ज्याला माझा आवाज म्हणत होते तो झोपलेला असताना मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलं, हे सहन व्हायला उरलेले तीन महिने लागले.

त्यानंतर मी कायम तुमच्या मिक्सरमधूनच वाजवलं. पण तुमचं बरोबर होतं असं एकदाही म्हटलं नाही. प्रत्येक कार्यक्रमानंतर म्हणायचे, "बरं झालं, पण मस्कतवाल्याची गोडी वेगळीच." आणि तुम्ही प्रत्येक कार्यक्रमाला त्याला बरोबर घ्यायचात, माझ्या मागे मांडायचात आणि वाकून त्याचा लाल दिवा लावायचात. वायर नाही, आवाज नाही, नुसता दिवा. शाहीन एकदा म्हणाली, "अब्बा, हे ओझं कशाला नेता?" तुम्ही म्हणालात, "बाईंचा माहेरचा माणूस आहे. रुसेल."

तुमची छत्री कोणाला सांगितली तर खोटी वाटेल. सगळे साउंडवाले मिक्सरपाशी बसतात. तुम्ही मिक्सर शाहीनच्या ताब्यात देऊन शेवटच्या माणसाच्याही मागे जायचात, मैदान असेल तर पार गडग्यापर्यंत, आणि तिथून छत्रीने खुणा करायचात. मिटलेली छत्री वर, म्हणजे वाढव. जमिनीकडे, म्हणजे कमी कर. उघडली, म्हणजे जमलं, आता हात लावू नको. पहिल्यांदा मी ती उघडताना पाहिली तेव्हा माघ महिना होता. मी वाजवणं थांबवून गिटारवर पदर टाकला आणि आभाळाकडे पाहिलं. शाहीन तेव्हा सातवीत, माझ्याच वर्गात. तिला हसू आवरेना. मोठेपणी तिने तुम्हाला नवा डिजिटल मिक्सर घ्यायला लावला, टॅबलेटवर कुठूनही चालणारा. तुम्ही मिक्सर घेतलात आणि छत्री सोडली नाहीत. म्हणालात, "हिला चार्जिंग लागत नाय."

गेल्या महिन्यात शाळेच्या सड्यावरच्या, उघड्या कातळमाळावरच्या मैदानात आपण तालीम केली. ती शेवटची. नव्या मिक्सरमध्ये शाहीनने रेकॉर्डिंगसाठी पेन ड्राइव्ह लावला होता, ते मला माहीतही नव्हतं. मी वाजवत होते, तुम्ही गडग्यावर, छत्री काही केल्या उघडत नव्हती. शेवटी तुम्ही सगळं मैदान तुडवत आलात.

"बोटं दुखतायत काय?"

"नाही."

"मींड सांभाळून टाकताय. वरच्या सुराच्या अलीकडे थांबता आणि मग हळूच चढता."

"ती माझी पद्धत आहे."

"आजपासून?"

मी चिडले. बोटं दुखत होती, वर्षभर दुखत होती, घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते साठ-सत्तर पावलांवरून ऐकू आलं. मी म्हटलं, हा तुमच्या मिक्सरचा दोष, नको ते दाखवतो. मस्कतवाला असता तर असं झालं नसतं.

"होय," तुम्ही म्हणालात, "त्याने लपवलं असतं."

मग मी हट्टालाच पेटले. म्हटलं, आज मस्कतवाल्याला जागा करा, त्याच्यापुढे माईक ठेवा आणि दोन्ही ऐका, एकदा काय तो निकाल लागू दे. तुम्ही वाऱ्याकडे बोट दाखवलंत. सड्यावर संध्याकाळचा वारा सुटला होता. "माईक उघडा ठेवला तर गिटार कमी आणि वारा जास्त येईल. आपलं सगळं बोलणं पण येईल. पुढच्या वेळी, बाई. हॉलमध्ये. मी स्वतः लावतो." एवढं म्हणून तुम्ही परत चालत गडग्याकडे गेलात. त्यानंतर मी एकच चीज वाजवली, हात सोडून, दुखलं तर दुखू दे म्हणून. छत्री उघडली.

ती पुढची वेळ आली नाही.

काल शुक्रवारी शाहीन दारात उभी राहिली. टेम्पो बाहेर. म्हणाली, "बाई, सामान दहा दिवस बंद आहे. अब्बा दर आठवड्याला एकदा सगळं चालू करायचे. नाहीतर खारी हवा पिना खाते. मी एकटी गेले तर मला नाही जमणार. याल?"

मी गेले. गिटार नेली नाही. तिनेही विचारलं नाही. त्याच मैदानात बॉक्स उभे केले, वायरी सोडल्या. माझ्या नेहमीच्या खुर्चीच्या जागी तिने खुर्ची ठेवली, रिकामी, आणि तिच्यामागे छोटा बॉक्स. मी म्हटलं, वाजवायला कोणी नाही, बघणार काय? तिने पेन ड्राइव्ह दाखवला. "त्या दिवशीची तुमची लाईन आहे यात. फक्त गिटार, जशी वायरमधून आली तशी. आता ती परत त्याच चॅनलमधून सोडता येते. तुम्ही खुर्चीत बसून वाजवताय असंच मिक्सरला वाटेल." आणि टेम्पोच्या सीटमागून तुमची छत्री काढून माझ्या हातात दिली. "मागे कोणीतरी पाहिजे."

हसनभाई, मी बावीस वर्षांत कधी मागे गेले नव्हते. जाणार कशी? मागे गेले तर वाजवणार कोण? मी मिटलेली छत्री धरून मैदान ओलांडलं. पायाखाली कातळ, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, गडग्याचा जांभा उन्हाने तापलेला. तुमची बसायची जागा ओळखू आली, तिथला दगड गुळगुळीत झाला आहे. मी बसले.

आणि गिटार आली.

मला उठून उभं राहावं लागलं. ती माझ्याकडे येत होती. एवढं साधं आहे आणि मला ठाऊकच नव्हतं. आजवर गिटार माझ्यापासून निघून जाताना मी ऐकली होती, माझ्याकडे येताना कधीच नाही. उघड्या सड्यावरून, कशाला न अडखळता, प्रत्येक मींड पूर्ण. पण थोडी टोचत होती. मी छत्री जमिनीकडे केली. शाहीनने लगेच काहीतरी कमी केलं. आता पोकळ वाटली. छत्री वर. जास्त झालं. खाली. मी साठी उलटलेली बाई, कातळावर उभी राहून छत्री खालीवर करत होते आणि मला हसू येत होतं. जरा खाली, जरा वर, अजून एक नखभर. आणि एका क्षणी ती बसली. कानाशी येऊन बसली. त्या बाईने म्हटलं होतं तसं.

बोटं दुखत असल्याचं मलाही ऐकू आलं. वरच्या सुराच्या अलीकडे थांबणं, मग चढणं. तुम्ही म्हणालात तसंच, जिथे म्हणालात तिथेच. मी घाबरून ऐकत होते, पण ते वाईट लागत नव्हतं. कोणी जिना चढताना मधे कठड्याला हात लावतं, तेवढंच. हे मी खुर्चीत बसून कधी मानलं नसतं. तिथूनच मनाशी ठरलं, की मी वाजवते.

मग गिटार थांबली. आधीही मधे मधे थांबली होती, पण इतका वेळ नाही. बॉक्समधून काहीच येईना. मला वाटलं, वायर निघाली. शाहीनने हाताने खूण केली, चालू आहे. तेव्हा लक्षात आलं, की तुम्ही चालत आला होतात ती ही वेळ. मी वाजवायची थांबले होते आणि आपण बोलत होतो. "बोटं दुखतायत काय?" इथे होतं. वायरमध्ये फक्त तारांचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. त्यामुळे तुम्ही बोलत होतात तिथे काहीच नाही. मैदानावर नुसता वारा, तोही कालचा, त्या दिवशीचा नव्हे. मी मागच्या जागा आठवून पहिल्यापासून मोजत गेले. तुम्ही एकदा पिन हलवायला सांगितलीत ती लहान जागा. चहाची मोठी. मस्कतवाल्यावरून भांडलो ती ही, सगळ्यात मोठी.

आणि त्या मोठ्या जागेत मला एकदम कळलं. माझं ऐकलं असतंत, मस्कतवाल्यापुढे माईक ठेवला असतात, तर गिटार खराब आली असती, वारा भरला असता, आणि तुम्ही त्यात असता. "पुढच्या वेळी, बाई" त्यात असतं. मी ते शाहीनला सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलं होतं. ती मिक्सरवर वाकून उभी होती आणि बाहीने डोळे पुसताना मला गडग्यावरूनही दिसली.

तेव्हा निकाल असा आहे, हसनभाई. गिटारच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. पहिल्या वर्षापासून बरोबर होतं. हे मी तुम्हाला टेम्पोत बसून सांगायला हवं होतं, वेळ पुष्कळ होता. माईकच्या बाबतीत मात्र माझं बरोबर होतं, आणि ते मला बरोबर ठरायला नको होतं.

शेवटची चीज आली, हात सोडून वाजवलेली. ती संपायच्या आधीच मी छत्री उघडली. ऊन रणरणत होतं. शाहीनने हात वर करून मिक्सरपासून दूर नेले, तुमच्यासमोर करायची तसेच.

आज सकाळी मी अध्यक्षांना फोन केला. पुढच्या शनिवारी जत्रेत वाजवणार आहे. शाहीन टॅबलेट घेऊन मागे गडग्यावर त्या बायकांत बसेल. छत्रीही नेईल. मस्कतवाला येईल. त्याचा दिवा मी लावेन.

पेन ड्राइव्हवर चौतीस मिनिटं गिटार आहे. मधे नऊ जागा रिकाम्या आहेत. त्यांतल्या सात जागी तुम्ही काय म्हणालात ते मला आठवतं. दोन जागचं आठवत नाही.